होडी अडली की चूल अडते

देशाच्या सुरक्षेचे नाव निघाले की पुढे प्रश्न विचारायची कोणाची छाती होत नाही. म्हणूनच तो कामगारांनी विचारला पाहिजे : या सुरक्षेची किंमत कोणी मोजायची?

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले. जपानी फौज बंगालच्या किनाऱ्यावर उतरली तर तिला वाहने मिळू नयेत, या धास्तीने ब्रिटिश सरकारने किनारी जिल्ह्यांत दहापेक्षा जास्त माणसे नेणाऱ्या होड्या ताब्यात घेण्याचा वा निकामी करण्याचा हुकूम काढला. सुमारे ४५ हजार होड्या गेल्या. त्या मुलखात नदी हाच रस्ता. कोळ्याची मासेमारी थांबली, बेटांवरच्या शेतीला मजूर पोचेना, तांदळाची ने-आण खोळंबली.

जपानी फौज त्या किनाऱ्यावर कधी उतरलीच नाही. १९४३ चा दुष्काळ मात्र आला. महागाई, ब्रह्मदेशातून बंद झालेला तांदूळ, मेदिनीपूरचे वादळ अशी त्याची कारणे अनेक. होड्यांची जप्ती त्यांपैकीच एक. सरकारच्याच चौकशी आयोगाने मृतांचा आकडा पंधरा लाख धरला. काही अभ्यासक तो तीस लाखांपर्यंत नेतात. सर्वाधिक होरपळले ते शेतमजूर, कोळी आणि नावाडी.

ही केवळ गोऱ्या साहेबाची गोष्ट नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये बांगलादेश सरकारने म्यानमारच्या सीमेवरील नाफ नदीत मासेमारी बंद केली. कारणे दिली रोहिंग्या निर्वासितांचे येणे आणि अमली पदार्थांची चोरटी आयात. बंदी अटींसह सैल व्हायला २०२५ साल उजाडले. साडेसात वर्षे हातावर पोट असलेल्यांनी खायचे काय?

रेल्वे कामगार बंधूंना हे नवे नाही. मे १९७४ च्या संपात भारत संरक्षण नियमांचा बडगा शत्रूवर नव्हे, आपल्यावरच उगारला गेला होता.

सीमेवर पहारा हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण नदी बंद करणाऱ्या हुकमाला लेखी कारण हवे, ठरावीक मुदत हवी, आधी संघटनेशी बोलणी हवीत. भरपाई होडीच्या मालकाइतकीच तीत वल्हे मारणाऱ्यालाही मिळाली पाहिजे. सुरक्षा साऱ्या देशाची असेल, तर तिचा भार एकट्या नावाड्याच्या खांद्यावर का?