मालकाचा पीएफ मालकानेच भरायचा : नांदेड-लातूरच्या नोकरदारांना जाहीर आवाहन

नांदेडच्या डॉक्टर्स लेनमधले वॉर्डबॉय आणि नर्स, लातूरच्या ट्यूशन एरियातले कार्यालयीन कर्मचारी, कृष्णूर आणि लातूर एमआयडीसीतले कामगार, डाळमिलमधले हमाल-ऑपरेटर, ठेकेदाराकडून आलेले सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार, सगळ्यांना विनंती : या महिन्याची पगारचिठ्ठी काढा आणि पीएफची कपात नीट वाचा.

समजा, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 12,000 रुपये आहेत. तुमचा वाटा 12 टक्के, म्हणजे 1,440 रुपये. एवढेच कापायचे. मालकाचा वाटाही 12 टक्के. शिवाय विमा आणि प्रशासकीय खर्चाचा एक टक्का, असे 1,560 रुपये त्याने आपल्या खिशातून घालायचे. पण चिठ्ठीवर 'पीएफ 3,000' असा एकच आकडा टाकून हातात 9,000 ठेवले जात असतील, तर तुमच्याच पैशातून मालकाची देणी फिटत आहेत. वर्षाला 18,720 रुपये!

भविष्य निर्वाह निधी (पीएफ) कायदा 1952 सालचा. त्याच्या कलम 12 नुसार, वर्गणी भरावी लागते म्हणून मालकाला पगार कमी करता येत नाही, आडवळणानेही नाही. या कायद्याखालच्या पीएफ योजनेचा परिच्छेद 31 त्याहून रोखठोक आहे : करारात काहीही लिहिलेले असो, मालकाचा वाटा कामगाराकडून वसूल करता येणार नाही. तेव्हा 'तुम्हीच सही करून दिलीत' या उत्तराने गप्प बसू नका. ती सही इथे चालत नाही. कायद्याचे कलम 8-अ ठेकेदारालाही हेच बंधन घालते आणि ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर मूळ आस्थापना जबाबदार असते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही मनाई कायम आहे.

एक गोष्ट मात्र सरळ सांगायला हवी. नेमणुकीच्या वेळीच 'सीटीसी' म्हणून सगळा खर्च धरून त्यात मालकाचा वाटा वेगळा दाखवला असेल, तर प्रत्येक वेळी ती फसवणूक ठरत नाही. तिथे ठरलेला पगार कोणता आणि तो किमान वेतनाखाली जातो का, हे आधी तपासावे लागते. पगार म्हणून 12,000 ठरले आणि मग त्यातून दोन्ही वाटे कापले, तर मात्र वाद उरत नाही.

हक्काची मर्यादाही माहीत असू द्या. नांदेडला मुख्यालय असलेल्या पूर्वीच्या मराठवाडा ग्रामीण बँकेचे प्रकरण कर्मचारी संघटनेने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले होते. बँक कायद्यातल्या मर्यादेपेक्षा जास्त वर्गणी भरत होती, ती तिने थांबवली. 2011 मध्ये न्यायालयाने निकाल दिला की जादा वर्गणीची सक्ती मालकावर करता येत नाही. आज ही वेतनमर्यादा 15,000 रुपये आहे. त्यापलीकडच्या पगारावर वर्गणी भरायला मालक नकार देऊ शकतो. मर्यादेपर्यंतचा आपला वाटा तुमच्या माथी मारू शकत नाही.

आता करायचे काय? यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायम क्रमांक, वापरून पासबुक उघडा. त्यात तुमचा वाटा, मालकाचा वाटा आणि पेन्शनचा वाटा असे तीन रकाने असतात. 12,000 पगारावर तिथे साधारण 1,440, 440 आणि 1,000 दिसायला हवेत. ते दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका; पैसे जमा झाले एवढेच त्यातून कळते, कोणाच्या खिशातून गेले ते पगारचिठ्ठीच सांगते. चिठ्ठी, बँकेचा उतारा आणि नेमणूकपत्र यांच्या प्रती घरी ठेवा. चिठ्ठी मिळतच नसेल तर लेखी मागा. एकट्याने बोलायची भीती वाटत असेल, तर तिघा-चौघांनी मिळून अर्ज करा.

भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर अर्ज करता येतो. शिवाय दर महिन्याच्या 27 तारखेला, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, जिल्ह्यात 'निधी आपके निकट' शिबिर भरते. कागद घेऊन तिथे जा.

पगारपत्रके तयार करणाऱ्या लेखापाल आणि कर सल्लागारांनाही विनंती आहे. दोन्ही वाटे एका ओळीत घालणारा तो रकाना पुष्कळदा तुमच्याच संगणकात तयार होतो. पुढच्या पगाराआधी तो दुरुस्त करा, आणि आजवर जादा कापलेले पैसे परत करायला मालकाला सांगा.