परसातला डास कोणाचा?

पावसाळा ओसरू लागला की गावोगावी धूरफवारणीची मागणी सुरू होते. तिन्हीसांजेला यंत्राचा आवाज येतो, पांढऱ्या धुराचे लोट गल्लीतून फिरतात, मुले त्यामागे धावतात आणि काहीतरी झाल्याचे समाधान सर्वांनाच लाभते. वस्तुतः या धुराने मरतो तो केवळ उडता डास. पाण्यातील अळीला त्याचा उपसर्ग पोहोचत नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. साथ ऐन भरात असताना धूर उपयोगी पडतो, हे खरे. परंतु एरवी आठवड्याभराच्या शांततेसाठीच हा खर्च होतो.

बुलढाण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील धाड हे घाटावरचे मोठे गाव. अशा कोणत्याही गावातील घराचे परस पाहिले, तर डासांचे मूळ दोन ठिकाणी सापडेल. एक, साठविलेले स्वच्छ पाणी: रांजण, सिमेंटची टाकी, गुरांचा हौद, छपरावर टाकलेला टायर आणि मृगाचा पाऊस पडताच तळाच्या पाण्यासह मागे लोटून दिलेला कूलर. दुसरे, न्हाणीचे व मोरीचे सांडपाणी. डेंग्यू पसरविणारा एडिस पहिल्यात वाढतो व दिवसा चावतो. रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स दुसऱ्यात वाढतो. एडिसची अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकून राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा ‘कोरडा दिवस’ पाळताना पाणी ओतून देणे पुरेसे नाही. भांडे आतून घासून काढावे लागते. रिकामा करता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडावेत आणि शौचालयाच्या वायुनळीच्या तोंडाला जाळी बांधावी. हे उपाय जवळजवळ फुकट आहेत. तरीही ते होत नाहीत, आणि खरा प्रश्न येथूनच सुरू होतो.

एडिस डास सहसा जन्मस्थानापासून शे-दोनशे मीटरपलीकडे जात नाही. तथापि दाट वस्तीत एवढ्या अंतरात कितीतरी घरे येतात. एखाद्याने आपला हौद झाकला तर त्याचा लाभ साऱ्या आळीला मिळतो. न झाकला तर तोटाही आळीलाच वाटून जातो. जो खर्च एकाने करायचा व ज्याचे फळ सर्वांनी घ्यायचे, तो खर्च टाळण्याकडे माणसाचा कल असतो. उलट उदबत्ती, वडी, मलम यांचे फळ तत्काळ व स्वतःपुरते मिळते. म्हणून गरिबाचे घरही त्यावर दरमहा पैसे घालते. त्या धुराने डास फार तर शेजारच्या घरात जातो. असा हा खर्च घरोघर होत राहतो आणि डासांची संख्या मात्र होती तेवढीच राहते.

खासगी पाणी आणि सार्वजनिक रोग यांचा हा झगडा जुनाच आहे. मुंबईतील हिवतापाचे मूळ घरोघरच्या विहिरींत आहे, असे बेंटली यांच्या 1911 च्या अहवालाने दाखविले, तेव्हा विहिरी झाकण्यास मालकांनी धर्मभावना पुढे करून विरोध केला होता. पुढे 1953 मध्ये देशव्यापी हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला. तोपर्यंत वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो व आठ लाख त्याने दगावतात, असा अंदाज होता. डीडीटीच्या फवारणीने 1965 पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली. परंतु डास औषधाला सरावले, यंत्रणा सैलावली आणि 1976 मध्ये ती चौसष्ट लाखांवर गेली. फवारणीचा हात आखडताच रोग परतला, कारण पाणी होते तेथेच साचत होते.

याहून शहाणपणाचा मार्ग मराठवाड्यात सापडला. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे घेतले, सांडपाणी जमिनीत मुरविले आणि उघडी गटारेच संपविली. डास कमी झाल्याचे पाहून पुढे जिल्हाभर रोजगार हमीच्या पैशातून असे खड्डे घेण्यात आले. सुमारे चार फूट लांब, रुंद व खोल खड्डा, मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी आणि भोवती दगडगोटे, एवढाच त्याचा सरंजाम. अर्थात काळ्या चिकट जमिनीत असा खड्डा तुंबतो, तेथे मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. आणि पिण्याच्या विहिरीजवळ तो घेता कामा नये.

सांडपाण्याचा प्रश्न यातून सुटेल. साठवणीचा मात्र सुटणार नाही. नळाला चार-आठ दिवसांआड पाणी येत असेल तर गृहिणी ते साठविणारच. तिच्या दारावर सूचनेचा कागद चिकटवून जाणाऱ्यांनी तिला रांजण रिता करण्यास सांगावे आणि पुढचे पाणी केव्हा येणार हे मात्र सांगू नये, हा न्याय विलक्षणच म्हणावा लागेल. पाण्याचा वार ठरलेला असेल व तो पाळला जात असेल, तर कोरडा दिवस त्याच्या आदल्या दिवशी आपोआप साधतो. तेव्हा धाडसारख्या गावाच्या ग्रामसभेत अंदाजपत्रक येईल, त्या वेळी धूरफवारणीवर गेल्या वर्षी किती खर्च झाला आणि त्या रकमेत किती शोषखड्डे व हौदांची किती झाकणे झाली असती, हा हिशेब शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी उभे राहून मागावा. त्याच बैठकीत पाणीपुरवठ्याचे वेळापत्रकही लेखी मागावे.