किलोचा हिशोब

परवा कचरा न्यायला येणाऱ्या मावशींना मी मोठ्या ऐटीत दोन पिशव्या दिल्या. ओला वेगळा, सुका वेगळा. मावशींनी सुक्याची पिशवी पालथी केली आणि बघता बघता तिचे पाच ढीग पाडले. वेफर्सची पाकिटं तेवढी बाजूला सारली. "काका, हे भंगारवाला घेत नाही."

"प्लास्टिकच आहे की!" मी म्हणालो. चुकलंच माझं. ते म्हणजे एकमेकांना चिकटवलेले पातळ थर, वर आतून ॲल्युमिनियमचा मुलामा.

कचरा किती मिसळलेला आहे हे मोजता येतं, बरं का! क्लॉड शॅननने १९४८ साली माहिती 'बिट'मध्ये मोजली. २००७ मध्ये एमआयटीच्या डॅमस आणि गुटॉव्स्की यांनी तेच माप टाकाऊ वस्तूंना लावलं. ढिगात दोनच प्रकार निम्मेनिम्मे असतील, तर प्रत्येक तुकड्याला एक हो-नाही प्रश्न पुरतो. म्हणजे एक बिट. चार प्रकार समसमान असले की दोन, आठ असले की तीन. मिसळ जास्त आणि मालाची किंमत कमी, की ती वस्तू कुणी रिसायकल करत नाही. मावशी हे पुस्तक न वाचता सांगतात.

त्यातही सगळे प्रश्न सारखे सोपे नसतात. पॉलिथिन तरंगतं, पेट बुडतं. उत्तर बादलीभर पाणी देतं. पण पीव्हीसीही बुडतं! ते चुकून पेटमध्ये राहिलं, तर पेट वितळेपर्यंत त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि अख्खा घाणा बिघडतो. आणि चिकटलेले थर? ते हाताने सुटतच नाहीत.

आपले नियम काय म्हणतात? २०२२ च्या दुरुस्तीने उत्पादकांवर जबाबदारी टाकली, वेष्टनांचे वर्ग पाडले. चांगलंच झालं. पण एका थराची साधी पिशवी आणि वेगवेगळ्या प्लास्टिकचे थर चिकटवलेलं पाकीट एकाच वर्गात, आणि हिशोब टनात! काट्यावर दोन्ही सारखीच. मग कुठला उत्पादक सोपं पाकीट बनवायच्या फंदात पडेल?

कुणी म्हणेल, थर नसतील तर वेफर्स सादळतील. मान्य. ठेवा थर. पण ज्याने गाठ मारली, त्यानेच ती सोडवण्याचे पैसे द्यावेत, किलोवर नव्हे, गुंत्यावर. आज ते पैसे मावशी भरतात. वेचायचं, निवडायचं, आणि जे विकलं जात नाही त्याचे शून्य रुपये.

आणि आम्हाला उपदेश काय, तर "घरीच वर्गीकरण करा". करतो हो! पण कारखान्यात चिकटवलेलं मी स्वयंपाकघरात कसं सोडवू?