बॅकअपची डिस्क तिजोरीत हवी : पतसंस्था कर्मचाऱ्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ
प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था

विषय : रॅन्समवेअरपासून संस्थेच्या संगणकांचे व सभासदांच्या हिशेबाचे संरक्षण करण्याबाबत.

महोदय,

जुलै २०२४ च्या अखेरीस देशातल्या सुमारे तीनशे छोट्या बँकांच्या ग्राहकांचे डिजिटल व्यवहार अडकले. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या विषाणूचा, हल्ला झाला होता तो त्यांना तांत्रिक सेवा देणाऱ्या सी-एज कंपनीच्या यंत्रणेवर. तो पुढे पसरू नये म्हणून देशातली किरकोळ पेमेंट यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआयने ती कंपनीच पेमेंटच्या जाळ्यातून तात्पुरती वेगळी केली. त्या बँकांच्या काउंटरवरच्या कारकुनाचा यात काय दोष? तरीही संगणकाचा विषय निघाला की आपल्याकडे बोट पहिल्यांदा कर्मचाऱ्याकडेच जाते. म्हणून हे मागणीपत्र.

पतसंस्थेतल्या ठेवींना बँकेतल्या ठेवींसारखे विम्याचे संरक्षण नाही. सभासदाचे किती पैसे जमा आहेत याचा पुरावा म्हणजे आपल्या सर्व्हरवरचे खाते आणि त्याच्या हातातले पासबुक. पिग्मी भरणाऱ्या भाजीवालीचे पासबुक महिनोन्‌महिने छापलेले नसते, हे आपणही जाणता. सर्व्हरला कुलूप लागले तर तिला काय दाखवायचे?

आमची सर्वांत महत्त्वाची मागणी बॅकअपची आहे. रोज संध्याकाळी डे-एंड झाला की बॅकअप घेतला जातो आणि रजिस्टरवर सही होते. पण ज्या डिस्कवर तो घेतला जातो, ती सर्व्हरच्या मागे, पासबुक प्रिंटरच्या वायरींच्या गुंत्यात, बारा महिने जोडलेलीच असते. संगणकाला ज्या ज्या डिस्कवर लिहिता येते, त्या त्या डिस्कवर रॅन्समवेअरलाही लिहिता येते. मूळ हिशेब आणि त्याची प्रत एकाच झटक्यात बंद होतात. शिवाय हा विषाणू आत शिरल्यावर काही दिवस गुपचूप बसू शकतो, त्यामुळे रोज तीच प्रत पुसून नवी करणेही पुरेसे नाही. रोजची, आठवड्याची आणि महिनाअखेरची अशा वेगवेगळ्या प्रती ठेवाव्यात. बॅकअप होताच डिस्क काढून सोने तारणाच्या तिजोरीत जावी आणि एक प्रत दुसऱ्या शाखेत असावी. दर तिमाहीला ती प्रत वेगळ्या संगणकावर उघडून त्या दिवसाची तेरीज जुळते का, हे लेखापरीक्षकासमोर तपासावे. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर आम्ही यापुढे सही करणार नाही.

दुसरे, संगणक. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ती प्रणाली असलेली यंत्रे बदलावीत किंवा अद्ययावत करावीत. क्रॅक केलेले सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचेसुद्धा, काढून टाकावे. मे २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने विंडोजमधल्या ज्या भगदाडाचा फायदा घेतला, ते बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आलेले होते. ते ज्यांनी घातले नाही त्यांची यंत्रे सापडली. काउंटरवरच्या संगणकाला अॅडमिनचे अधिकार नसावेत. जेवणाच्या सुट्टीत पासिंगचा पासवर्ड कारकुनाला सांगून जाण्याची प्रथा वरिष्ठांनी स्वतःहून बंद करावी. ती आमच्या सोयीची नाही, त्यांच्या सोयीची आहे.

सॉफ्टवेअर पुरवठादाराबद्दल स्पष्टच लिहितो. दुरुस्तीसाठी त्याचा माणूस दुरून सर्व्हरवर येतो, काम करतो आणि दार उघडेच ठेवून जातो. जून २०१७ मधला नॉटपेट्या हा विषाणू युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच पसरला आणि त्याचा फटका आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलपर्यंत पोहोचला. तेव्हा दुरून प्रवेश आपण विनंती करू तेवढ्याच वेळापुरता, दुहेरी पडताळणीने आणि नोंदवहीत नोंद करून द्यावा. ही अट करारात लिहावी.

आता कर्मचाऱ्याचा प्रश्न. पडद्यावर खंडणीची पाटी दिसताच कोणालाही न विचारता नेटवर्कची वायर काढण्याचा अधिकार शिपायापासून व्यवस्थापकापर्यंत सर्वांना लेखी द्यावा. चुकून फाइल उघडल्याचे जो लगेच सांगेल, त्याला नोटीस वा पगारातून वसुली नको. वसुलीची भीती असेल तर माणूस तासभर गप्प बसतो, आणि नुकसान नेमके त्या तासात वाढते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते. ती कोण कळवणार, याचा ठराव आधीच असावा. १९३० हा सायबर मदत क्रमांक प्रत्येक काउंटरवर लावावा. खंडणी देण्याचा निर्णय कोणीही परस्पर घेऊ नये. नॉटपेट्यात पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय नव्हती.

दोन-तीन डिस्क, परवान्याचे सॉफ्टवेअर आणि वर्षातून दोनदा मराठीतून प्रशिक्षण, एवढाच हा खर्च. वार्षिक सभेच्या मंडप-अल्पोपाहारात थोडी काटकसर केली तरी त्यातला बराच भागेल.

पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, संघटनेच्या दोन प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे आणि झालेल्या ठरावाची प्रत आम्हाला द्यावी. बॅकअपची डिस्क तिजोरीत ठेवण्यासाठी मात्र ठरावाची वाट पाहू नये. ते आज संध्याकाळपासून सुरू करावे, ही विनंती.

आपले,
पतसंस्था कर्मचारी संघटनेचे पदाधिकारी व सभासद