एक स्पार्क प्लग, पाचशे पौंड

विमानं उडायला लागली आणि लगेच प्रश्न आला : सगळ्यात फास्ट कोण? १९१३ मध्ये समुद्रविमानांसाठी श्नायडर ट्रॉफी सुरू झाली. पहिल्या विजेत्याचा वेग होता ताशी सुमारे ७३ किलोमीटर, म्हणजे जामनेर-जळगाव रोडवर आपली बाईक पळते तेवढा! १९३१ च्या शेवटच्या शर्यतीत तो ५४७ च्या आसपास गेला.

त्याच काळात आपल्याकडेही एक शर्यत गाजली. आगाखान यांनी बक्षीस लावलं : इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड, एकट्यानं विमान चालवत महिन्याच्या आत जो भारतीय पहिला पोहोचेल, त्याला ५०० पौंड.

१९३० मध्ये मुंबईचे जेआरडी टाटा कराचीहून लंडनला निघाले. वय २५. समोरून, लंडनहून कराचीकडे येत होता ॲस्पी इंजिनिअर. वय अवघं १७! इजिप्तमधल्या अबुकीर इथं दोघं भेटले. ॲस्पी तिथं अडकून पडला होता. जादा स्पार्क प्लग जवळ नव्हते. जेआरडींनी स्वतःकडचा प्लग काढून दिला. ॲस्पी कराचीला पोहोचला, तेव्हा जेआरडींना लंडन गाठायला काही तास बाकी होते. बक्षीस ॲस्पीला मिळालं. हाच पोरगा १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता आपल्याकडे या. अभ्यासिकेत शेजारी बसणारा मित्र नोट्स मागतो आणि आपण म्हणतो, "अरे, घरी राहिल्या." फॉर्मची शेवटची तारीख माहीत असूनही ग्रुपवर टाकत नाही. कारण ठरलेलं : जागा कमी, पोरं जास्त. हे कारण खोटं नाही. घरच्यांनी पोटाला चिमटा काढून क्लासची फी भरलेली असते, तेव्हा एकेका मार्काची भीती वाटणारच.

पण अबुकीरला तर बक्षीस एकच होतं, आणि मागणारा थेट प्रतिस्पर्धी! तरी जेआरडींनी प्लग दिला. समोरचा बंद पडला म्हणून मिळालेला विजय त्यांना नको होता. स्पर्धा उडण्याची होती, अडवण्याची नव्हे.

एमपीएससी असो की पोलीस भरती, जिंकायला जीव तोडून पळा. फक्त शेजारच्याचं इंजिन नोट्सअभावी बंद पडलं असेल, तर आज त्या झेरॉक्सला द्या. त्यानंतरही तो पुढे गेला, तर तो त्याच्या कष्टानं गेला. आणि तुम्ही पुढे गेलात, तर तुमच्या.