लिपी दोन, बोली एक

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांतून लघुनाट्य महोत्सवांची पत्रे फिरू लागतात. कुणाचा महोत्सव एक दिवसाचा, कुणाचा दोन दिवसांचा. प्रत्येक संघाला वीस मिनिटे, कलाकार मोजके, नेपथ्य आटोपशीर. सोबतच्या प्रवेशपत्रिकेवर एक ओळ बहुधा असतेच : ‘भाषा – हिंदी/उर्दू (लागू नसेल ते खोडावे)’. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ही पत्रिका भरायचे काम आमच्याकडेच येते. आणि त्या तिरप्या रेघेपाशी पेन दर वर्षी थांबते. खोडायचे कोणते?

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ घ्या. १९३३ सालची ही गोष्ट हिंदीच्या पुस्तकात देवनागरीत छापलेली आहे आणि उर्दूच्या पुस्तकात नस्तालीकमध्ये. हमीदचे काम करणाऱ्या मुलाने ती कोणत्याही पुस्तकातून पाठ करावी, मंचावर त्याच्या तोंडून बाहेर पडते ती बोली जवळजवळ एकच. लेखकही असाच दोन्हीकडचा. काशीजवळच्या लमही गावी १८८० साली जन्मलेले धनपतराय पेशाने शाळामास्तर. आधी ‘नवाबराय’ या नावाने उर्दूत लिहीत. १९०८ साली आलेला त्यांचा ‘सोजे वतन’ हा कथासंग्रह इंग्रज सरकारने जप्त केला. त्यानंतर त्यांनी ‘प्रेमचंद’ हे नाव घेतले. पुढे हिंदीत लिहू लागले, पण उर्दूचा हात सोडला नाही.

वाचकहो, या महिन्यात आम्हाला सांगायचे आहे ते इतकेच, की कागदावर भाषेला लिपी लागते, मंचावर लागत नाही. मराठीत वाचणाऱ्या आपल्यासारख्या मुस्लिम घरांसाठी ही गोष्ट फार कामाची आहे.

आपल्या घरांचा हिशेब मांडून पाहा. घरात बोली दखनी, कोकणात असाल तर तिकडची. शाळेत मराठी. मकतबमध्ये अरबी अक्षरे ओळखून कुराणपठण. यात उर्दू कुठे येते? कव्वालीत येते, निकाहच्या दावतनाम्यावर येते, दादीजानच्या दुआंमध्ये येते. वाचता मात्र थोड्यांनाच येते. कित्येक घरांत आजोबांची उर्दू पत्रे पेटीत जपून ठेवलेली आहेत आणि नातवाला त्यातली एक ओळही लागत नाही. मराठी माध्यमात मुले घातली याचा दोष आम्ही कुणाला देत नाही. मराठी आपलीच भाषा आहे आणि तिच्यामुळे आपली मुले या मातीत ताठ मानेने उभी राहतात. पण म्हणून घरातली दुसरी जबान अशी हळूहळू मुकी होऊ द्यायची का, हा प्रश्न उरतोच.

छोटे नाटक इथे उपयोगी पडते. ते लिपी शिकवत नाही, पण कान आणि जीभ तयार करते. आम्ही मुलांना संवाद देवनागरीत लिहून देतो आणि तालमीत तलफ्फुज बसवून घेतो. ‘खुदा’ हा शब्द ख नुसता उच्चारला तर ‘खणला गेला’ असा अर्थ होतो, आणि घशातून उच्चारला तर परवरदिगाराचे नाव होते. ‘जलील’ म्हटले तर थोर, तोच ज दातांतून सळसळत आला तर अपमानित. वर्गात हे फळ्यावर लिहून दिले तर मुले जांभया देतात. तालमीत एकाने चूक केली आणि दुसऱ्याला हसू फुटले की जन्मभर विसरत नाहीत. आमच्या संघातल्या दोन मुलांनी महोत्सव झाल्यावर उर्दूचा कायदा मागून घेतला. संख्या लहान आहे, पण ती मागणी त्यांच्याकडून आली, आम्ही लादली नाही.

‘नाटक हे आपले नव्हेच’ असे काही घरांत म्हटले जाते. इतिहास तसे सांगत नाही. लखनौच्या अमानत यांनी ‘इंदरसभा’ १८५३ च्या सुमारास लिहिली आणि पुढे ती देशभर खेळली गेली. साधारण त्याच दशकात आपल्या सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळीने मुंबईत ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदुस्थानी बोलीत केले. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जनकालाही मुंबईच्या प्रेक्षकांसाठी ही बोली जवळ करावीशी वाटली. त्यानंतर पारशी कंपन्यांनी उर्दू नाटके गावोगाव नेली. आगा हश्र काश्मिरींच्या ‘यहुदी की लडकी’वरून निघालेला दिलीपकुमारांचा ‘यहुदी’ हा १९५८ चा चित्रपट आपल्या आईवडिलांच्या पिढीला आठवत असेल.

ती नाटके रात्र रात्र चालत. नाटक आटोपशीर होण्यात रेडिओचाही मोठा हात होता. १९४१-४२ मध्ये सआदत हसन मंटो दिल्लीच्या रेडिओवर नोकरीला होते. तेवढ्या अवधीत त्यांनी ढिगाने श्रुतिका लिहिल्या. कृष्णचंदर, राजिंदरसिंग बेदी, उपेंद्रनाथ अश्क हेही रेडिओसाठी लिहीत. घड्याळ समोर, त्यामुळे फापटपसारा नाही. पडदा नाही, पोशाख नाही, फक्त आवाज आणि शब्द. बेदींच्या ‘नक्ले मकानी’ या श्रुतिकेवरूनच पुढे १९७० साली ‘दस्तक’ हा चित्रपट झाला.

आज मुंबईत ‘मोटली’ या संस्थेचा ‘इस्मत आपा के नाम’ हा प्रयोग याच साधेपणावर उभा आहे. इस्मत चुगताईंच्या तीन कथा, प्रत्येक कथेला एकच कलाकार. नसीरुद्दीन शाह, रत्ना पाठक शाह आणि हीबा शाह कथा आपल्या शब्दांत सांगत नाहीत, लेखिकेच्या मूळ शब्दांतच उभी करतात. मुजीब खान यांनी ‘आदाब, मैं प्रेमचंद हूँ’ या नावाने प्रेमचंदांच्या शेकडो कथांचे छोटे प्रयोग मुंबईत केले. आपल्या तालुक्याच्या शाळेला यातून घेण्यासारखे बरेच आहे. चांगली गोष्ट, शुद्ध उच्चार आणि पाठांतर असेल तर भाड्याचे नेपथ्य लागत नाही.

‘ईदगाह’ बसवताना आम्हाला याचा अनुभव येतो. गोष्टीत जत्रा आहे, पाळणे आहेत, मिठाईची दुकाने आहेत. मंचावर यातले काही आणावे लागत नाही. मोहसिनच्या हातात भिश्ती, महमूदकडे शिपाई, नूरेकडे वकील आणि हमीदच्या खांद्यावर तीन पैशांचा लोखंडी चिमटा. मातीची खेळणी घरी पोहोचेपर्यंत फुटतात, चिमटा टिकतो. रोटी भाजताना दादीची बोटे पोळतात हे त्या पोराच्या लक्षात राहिलेले असते. सभागृहातल्या बायकांना ही गोष्ट कुणी समजावून द्यावी लागत नाही. त्यांनीही तव्यावर बोटे पोळून घेतलेली असतात.

आता अवघड मुद्द्याकडे येतो, तो मुलींचा. पाचवी-सहावीपर्यंत मुली उत्साहाने भाग घेतात. आठवी-नववीत आल्या की घरून निरोप येतो, ‘आता पुरे.’ मागच्या साली आमच्या संघात अमीनाचे काम नववीतल्या एका मुलीकडे होते. पंधरा दिवस राहिले असताना तिचे येणे थांबले. आम्ही घरी गेलो. अब्बा नीट बोलले. म्हणाले, “सर, मुलगी हुशार आहे, आम्हाला कळतं. पण संध्याकाळी उशीर होतो. आणि लोक बोलतात, ते आम्हाला ऐकावं लागतं, तुम्हाला नाही.” यात खोटे काही नव्हते. आम्ही वाद घातला नाही. दादीजान कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्यांनी विचारले, काम कसले आहे? मुलीने सांगितले, म्हाताऱ्या दादीचे. “करके बता,” दादी म्हणाल्या. मुलीने शेवटचा प्रसंग केला, नातवाने चिमटा आणल्यावर दादीला रडू येते तो. दादीजान म्हणाल्या, “बुढ्ढी ऐसी नै रोती, बेटी. पल्लू मुंह पे लेती, आवाज नै करती.” आणि त्यांनी तिथल्या तिथे करून दाखवले.

त्यानंतर अब्बांनी तीन अटी घातल्या. तालीम शाळेच्या वेळेतच व्हावी, सोबत शिक्षिका असावी आणि महोत्सवाला घरच्यांना पुढे बसायला मिळावे. तिन्ही अटी रास्त होत्या. खरे तर त्या कुणी घालायची वेळ यायलाच नको, शाळेनेच त्या आधी पाळायला हव्यात. मुलीने काम केले आणि दादीने शिकवल्याप्रमाणे आवाज न करता रडली. दुसऱ्या एका घराने मात्र मुलीला परत पाठवले नाही. आम्ही दोनदा गेलो, चहा घेतला आणि परत आलो. ती मुलगी तालमीच्या वेळी वर्गाच्या दारात उभी राहून साऱ्यांचे संवाद ओठांत म्हणत असे. एकही शब्द चुकत नसे.

नाटक जायज की नाजायज, हा निवाडा देणे आमचे काम नाही. ज्या घराला तसा सवाल पडतो त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, त्यांचा आदर आहे. शिक्षक म्हणून आम्ही एक आठवण देऊ शकतो. १९२० साली स्थापन झालेल्या जामिया मिल्लियात शिकवणाऱ्या माणसांनी स्वतः नाटके लिहिली. डॉ. आबिद हुसेन यांचे ‘पर्दा-ए-गफलत’ आणि पुढे पंचवीस वर्षे तिथे कुलगुरू राहिलेले प्रा. मुहम्मद मुजीब यांचे ‘खेती’ ही त्यांतली दोन नावे. १९५४ साली हबीब तन्वीर यांनी नजीर अकबराबादींवरचे ‘आग्रा बाजार’ बसवले तेव्हा त्यात जामियाचे विद्यार्थी आणि ओखल्याचे गावकरी होते. ही सारी समाजाच्या तालीमीची काळजी वाहणारी माणसे होती. मुलाला चार लोकांपुढे सरळ उभे राहून स्वच्छ बोलता यावे, ही त्या काळजीचाच भाग होता. उद्या याच मुलांना मुलाखतीला बसायचे आहे, बँकेत, तहसील कचेरीत आपले म्हणणे मांडायचे आहे.

ज्यांना यंदा संघ न्यायचा आहे त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी.

गोष्ट निवडताना मुलांच्या आयुष्यात बसेल अशी घ्यावी. ‘पंच परमेश्वर’मध्ये जुम्मन शेख आणि अलगू चौधरी यांची दोस्ती आहे आणि मिळकत लिहून घेऊन वाऱ्यावर सोडलेली म्हातारी खाला आहे. ‘बूढी काकी’मध्ये घरच्या समारंभात भुकेली राहिलेली वृद्धा आहे. दोन्ही गोष्टी घरोघरच्या आहेत. लहान मुलांसाठी डॉ. जाकिर हुसेन यांची ‘अब्बू खाँ की बकरी’ आहे. दोरीला बांधून घेण्यापेक्षा डोंगरावर लांडग्याशी रात्रभर झुंज देणारी चाँदनी मुलांना फार आवडते.

परवानगीचे आधीच पाहावे. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क राहतात. प्रेमचंद १९३६ साली वारले, त्यामुळे त्यांच्या मूळ कथा आता खुल्या आहेत. इस्मत चुगताई १९९१ साली गेल्या, त्यांच्या कथेसाठी वारसांची संमती लागेल. कुणी तयार नाट्यरूपांतर केले असेल तर त्याचा हक्क वेगळा. सार्वजनिक प्रयोग असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाची मंजुरी लागते, तेव्हा आयोजकांना वेळेवर विचारून घ्यावे.

संवाद दोन्ही लिप्यांत लिहावेत, डाव्या बाजूला देवनागरी, उजव्या बाजूला उर्दू. पाठांतर होईस्तोवर काही मुलांची नजर आपोआप उजवीकडे जाऊ लागते.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना तालमीला बोलवावे. बोली त्यांच्याकडे आहे. म्हातारीने पदर कसा धरावा, सलाम करताना किती झुकावे, पाहुण्याला ‘तशरीफ रखिए’ कोणत्या सुरात म्हणावे, हे कोणत्याही दिग्दर्शकापेक्षा आपल्या दादी-नानींना जास्त ठाऊक आहे. हे विचारायला आजवर त्यांच्याकडे कुणी गेलेले नसते.

पालकांना विनंती एवढीच, की शाळेतून पत्र आले तर ते वाचून बाजूला ठेवू नका. अटी असतील तर मोकळेपणाने सांगा, शाळेशी बोला. मुलीला नाही म्हणायचे असेल तर निदान एकदा तिचे काम घरात करून पाहू द्या, मग ठरवा. आणि परवानगी दिलीत तर नुसते पाठवू नका, स्वतः या. परीक्षक गुण देतात आणि निघून जातात. आपल्या पोराच्या तोंडून आपलीच जबान नीट आली की नाही, हे पुढच्या रांगेत बसलेल्या दादीलाच आधी कळते.