नायट्यासारखा चट्टा आणि त्वचेचा कॅन्सर : नवी जनुकीय तपासणी काय सांगते, काय नाही

अंगावर चट्टा उठला की गावाकडं पहिली पायरी मेडिकल दुकानाची. ट्यूब आणायची, आठ दिवस चोळायची. चट्टा फिका पडतो, ट्यूब संपली की पुन्हा वर येतो. बहुतेक वेळा तो नायटा, इसब किंवा सोरायसिस असतो. पण फार थोड्या लोकांत तो त्वचेचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर निघतो. तो ओळखण्यात कित्येकदा वर्षं निघून जातात.

यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइडिस. फ्रान्सच्या अलिबेर या डॉक्टरांनी १८०६ मध्ये त्याचं वर्णन केलं. गाठी अळिंबीसारख्या दिसतात म्हणून हे नाव पडलं. बुरशीशी त्याचा संबंध नाही आणि तो संसर्गजन्यही नाही.

ओळख चुकते कुठं?

इसब असो की हा कॅन्सर, चट्ट्यात टी पेशीच जमतात. सुरुवातीला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तरी फरक कळत नाही. सावळ्या कातडीवर चट्टे कधी पांढुरके दिसतात, मग कोड किंवा कुष्ठरोगाची शंका येते. त्यात स्टेरॉइडच्या मलमानं हा आजारही तात्पुरता दबतो, त्यामुळं गुण आला असं वाटतं.

पेशीचा गट नंबर

जमिनीला जसा गट नंबर, तशी टी पेशीच्या जनुकात तिची स्वतःची ओळख लिहिलेली असते. इसबात हजारो वेगवेगळ्या गटांच्या पेशी गोळा होतात. कॅन्सरमध्ये एकच पेशी वाढत जाते, म्हणून तोच नंबर पुन्हा पुन्हा सापडतो.

जुनी पीसीआर तपासणी या जनुकाची फक्त लांबी बघते. नुसती बांधाची लांबी मोजून शेत कुणाचं ते कळत नाही, तसंच हे. सिक्वेन्सिंगमध्ये मात्र अक्षर न अक्षर वाचलं जातं, जणू सातबाराच उघडतो.

अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ४६ पैकी ४६ रुग्णांत असा एकाच वंशाचा गट सापडला; जुनी पद्धत त्यात कमी पडली. २०१८ च्या पुढच्या अभ्यासात दिसलं, की चट्ट्यात या गटाचा वाटा २५ टक्क्यांहून जास्त असेल तर आजार वाढण्याचा धोका अधिक.

एकट्या रिपोर्टवर निकाल नाही

काही साध्या त्वचारोगांतही एकाच गटाच्या पेशी जास्त दिसू शकतात. म्हणून अंगावरचे चट्टे, बायोप्सी आणि हा रिपोर्ट असे तिन्ही जुळवूनच डॉक्टर निदान करतात. तपासणी महागडी आहे, मोठ्या प्रयोगशाळेत होते आणि प्रत्येक रुग्णाला तिची गरजही नसते.

खरी अडचण त्याच्या आधीची आहे. मशीन कितीही हुशार असलं तरी त्याला चट्ट्याचा तुकडा लागतो, आणि चट्टा ट्यूबखालीच दबून राहिला तर तो तुकडा कुणी काढतच नाही. स्टेरॉइडची अनेक मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी ती काउंटरवर सहज मिळतात.

मग करायचं काय?

मांडी, कुल्ले, पोट, पाठ अशा कपड्याखालच्या जागी चट्टा असेल, तो महिनोन्‌महिने जात नसेल किंवा औषध सोडताच परत येत असेल, तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. चट्टा बधिर असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात कुष्ठरोगाची तपासणी करावी, ती मोफत होते. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्याव्यात. बायोप्सीआधी मलम किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारावं. पहिल्या बायोप्सीत काही निघालं नाही आणि चट्टा तसाच राहिला, तर दुसरी करायला नाही म्हणू नये.

घाबरायचं कारण नाही. हा आजार बहुधा सावकाश चालतो आणि लवकर सापडला तर मलम व प्रकाशोपचारावर वर्षानुवर्षं आटोक्यात राहतो. मात्र त्यासाठी चट्टा डॉक्टरच्या नजरेला वेळेत पडायला हवा.